अल्केन: नाशिकच्या मुलांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न

अकरावीला हायड्रोकार्बनचा धडा सुरू झाला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि त्यातले बरेच मुलांचे नसतातच, घरून आलेले असतात. कुणाच्या आईला गॅसबद्दल विचारायचं असतं, कुणाचे वडील दिंडोरीकडे भाजीपाला करतात त्यांना फवारणीबद्दल. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, कार्बनची साखळी किती लांब आहे आणि तिला फांद्या किती आहेत, एवढं कळलं की अल्केनचं बहुतेक वागणं आपलं आपल्याला सांगता येतं, पाठ करायला फार थोडं उरतं.

अल्केन म्हणजे नेमकं काय?

फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेलं संयुग, आणि त्यातले सगळे बंध एकेरी. दहावीच्या पुस्तकात याला संपृक्त हायड्रोकार्बन म्हटलंय. कार्बन चार बंध करतो, त्यातले काही शेजारच्या कार्बनशी, उरलेल्या सगळ्या जागी हायड्रोजन. त्यामुळे कार्बन जितके असतील त्याच्या दुप्पट अधिक दोन इतके हायड्रोजन येतात. एक कार्बन तर सीएच४, तो मिथेन. मग इथेन सी२एच६, प्रोपेन सी३एच८, ब्युटेन सी४एच१०, आणि पुढे पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन, ऑक्टेन, नोनेन, डेकेन. प्रत्येक पायरीला एक सीएच२ वाढतो, हीच समजातीय श्रेणी.

हे "अधिक दोन" कुठून आलं ते मात्र एकदा कागदावर साखळी काढून बघा. मधल्या प्रत्येक कार्बनला दोन दोन हायड्रोजन आणि दोन टोकांना एक एक जास्त. एवढं दिसलं की सूत्र आयुष्यात विसरत नाही.

वहीत तर आपण सरळ रेष काढतो, साखळी खरंच सरळ असते का?

नाही. कार्बनचे चार बंध एका पातळीत नसतात, चार दिशांना फाकलेले असतात, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे, आणि दोन बंधांमधला कोन साधारण १०९.५ अंश. त्यामुळे साखळी नागमोडी असते. शिवाय एकेरी बंधाभोवती दोन्ही बाजू फिरू शकतात, इथेनमधे या फिरण्याला साधारण १२.५ किलोज्यूल प्रति मोल इतकीच आडकाठी असते आणि नेहमीच्या तापमानाला ती सहज ओलांडली जाते. अकरावीला स्टॅगर्ड (दोन्ही बाजूंचे हायड्रोजन आडमार्गी) आणि एक्लिप्स्ड (समोरासमोर) असे जे प्रकार येतात ते यातूनच. मॉडेलचा सेट नसेल तर काड्या आणि मळलेली कणीक घ्या, दहा मिनिटांत हातात येतं, फळ्यावर तासभर शिकवून येत नाही.

एकेरी बंध आहेत याला एवढं महत्त्व का?

कारण त्यामुळेच अल्केन इतके शांत असतात. कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन हे दोन्ही बंध मजबूत, आणि त्यात इलेक्ट्रॉनची ओढाताण जवळपास नाही, म्हणजे आम्ल, अल्कली किंवा पोटॅशियम परमँगनेट यांना हल्ला करायला जागाच सापडत नाही. शाळेच्या लॅबमधे सोडियम कशात बुडवून ठेवलेलं असतं आठवा, रॉकेलमधे. पाण्याला नुसतं लागलं तरी पेट घेणारा धातू रॉकेलमधे वर्षानुवर्षं पडून राहतो, कारण रॉकेलमधे मोठा भाग अल्केनचा आहे. ब्रोमीन पाण्याची टेस्ट पण याच कारणाने चालते, अल्कीन (ज्यात एक दुहेरी बंध असतो) टाकलं की तांबूस रंग लगेच जातो, अल्केनमधे अंधारात तसाच राहतो.

मग एवढे शांत असतील तर गॅस पेटतो कसा?

चांगला प्रश्न आहे आणि पोरं तो विचारत नाहीत याचं मला वाईट वाटतं. अल्केन आणि हवा नुसती एकत्र ठेवली तर काहीच होत नाही, बंध तोडायला सुरुवातीला ऊर्जा द्यावी लागते, म्हणजे ठिणगी. एकदा थोडे बंध तुटले की मुक्त मूलकं, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेले तुकडे, तयार होतात, ती पुढच्या रेणूंना तोडतात, आणि कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना इतकी उष्णता सुटते की पुढचं आपोआप चालतं. एक मोल मिथेन, म्हणजे फक्त १६ ग्रॅम, पूर्ण जळला की साधारण ८९० किलोज्यूल उष्णता मिळते.

पण "पूर्ण जळला की" हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे २ रेणू लागतात, प्रोपेनला ५, ब्युटेनला साडेसहा. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. भांड्याची बूड काळी व्हायला लागली, ज्योत पिवळी झाली, म्हणजे हवा कमी पडतेय, बर्नर साफ करा.

आणि हे मी प्रत्येक बॅचला सांगतो, इथेही सांगतो. नाशिकची थंडी पडली की बाथरूममधे गॅस गीझर चालू करून, खिडकी घट्ट लावून अंघोळ करतात. हे करू नका. लहान खोलीतला ऑक्सिजन गीझर वापरत राहतो आणि ज्वलन अपुरं व्हायला लागतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला काय होतंय ते कळायच्या आत तो खाली पडतो. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, नसेल जमत तर बादली आधी भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आत जा. अल्केनच्या धड्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं घरी जाऊन सांगा.

सिलेंडरमधे कोणता अल्केन असतो, आणि तो द्रव का असतो?

मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो आणि सरळ साखळीचा ब्युटेन उणे ०.५ अंशाला, म्हणजे आपल्या हवेत दोन्ही वायू. पण थोडा दाब दिला की दोन्ही द्रव होतात, म्हणून तर १४.२ किलो गॅस घरात मावतो. द्रवाचा वायू झाला की जागा साधारण अडीचशे पट लागते.

या वायूंना स्वतःचा वास नसतो. जो घाण वास येतो तो मुद्दाम टाकलेल्या इथिल मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून.

एलपीजी खाली बसतो आणि पाइपचा गॅस वर जातो म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि ते हिशोबाने काढता येतं. हवेचं सरासरी रेणुभार २९ धरा. मिथेन १६, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. पाइपच्या गॅसमधे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. सिलेंडरचा गॅस जड, फरशीवर पसरतो, मोरीत, ओट्याखाली साचतो. म्हणून एलपीजीचा वास आला तर दारं उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि लाइटच्या कोणत्याच बटणाला हात लावू नका, चालू असेल तर चालू राहू द्या, बंद करताना पण ठिणगी पडते. हवेत साधारण २ ते ९ टक्के एलपीजी झाला की तो पेट घेऊ शकतो. मिथेनला ५ ते १५ टक्के लागतात.

आता नाशिकमधे बऱ्याच सोसायट्यांत पाइपलाइन आलीय, तेव्हा शेगडीचं नोझल बदलायला माणूस येतो आणि लोक म्हणतात उगाच खर्च. उगाच नाही. सारख्या आकारमानाचा मिथेन प्रोपेन-ब्युटेनच्या निम्म्याहून कमी उष्णता देतो, म्हणून भोक मोठं लागतं. जुनं नोझल ठेवलं तर कणकेचा गोळा वाळेपर्यंत तवा तापणार नाही.

लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या सिलेंडरवर बर्फ का जमतो? गॅस भेसळीचा असतो का?

भेसळ नाही. १९ किलोच्या सिलेंडरवर दोन मोठ्या भट्ट्या एकदम लावल्या की आतला द्रव फार वेगाने वायू होतो, आणि वायू व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःतून आणि लोखंडातून घेतो. सिलेंडर गार पडतो, बाहेरच्या हवेतलं बाष्प त्यावर गोठतं. मग आतला दाबही उतरतो आणि आचारी ओरडायला लागतो की ज्योत बारीक झाली. उपाय म्हणजे दोन-तीन सिलेंडर एकत्र जोडून भार वाटून द्यायचा. सिलेंडरखाली जाळ करणं किंवा उकळतं पाणी ओतणं हे प्रकार मी ऐकलेत, कृपा करून कुणी करू नका.

साखळी वाढली की उत्कलनांक का वाढतो? रेणू जड होतो म्हणून?

जड होतो म्हणून, हे उत्तर परीक्षेत चालून जातं पण खरं कारण ते नाही. अल्केनच्या रेणूंमधे एकमेकांना धरून ठेवणारी फक्त एकच ओढ असते, लंडन बल, आणि ती फार अशक्त. दोन रेणू जितक्या जास्त लांबीवर एकमेकांना टेकतील तितकी ती बेरजेने वाढते. म्हणून मिथेन उणे १६१.५ अंशाला उकळतो, पेंटेन ३६ ला, हेक्झेन ६९ ला, ऑक्टेन साधारण १२६ ला.

जड होण्याचं कारण खोटं कसं ठरतं ते बघा. पेंटेनचे तीन समघटक आहेत, म्हणजे सूत्र तेच पण जोडणी वेगळी, तिघांचं सूत्र सी५एच१२, वजन अगदी सारखं. सरळ साखळीचा ३६ अंशाला उकळतो, एक फांदी असलेला आयसोपेंटेन २८ ला, आणि पूर्ण गोल झालेला निओपेंटेन साडेनऊ अंशाला, म्हणजे निफाडला पारा उतरला की तो बाटलीत द्रव आणि दुपारी वायू. वजन तेच, फरक फक्त टेकण्यात. उसाची मोळी कशी घट्ट बसते, कांडं कांड्याला लागतं, आणि त्याच उसाचं वाढं धरून मोळी बांधायला गेलं तर मधे पोकळ्याच राहतात, तसंच हे.

वितळणांकाचं गणित थोडं वेगळं आहे, तिथे सम संख्येच्या साखळ्या स्फटिकात जास्त नीट बसतात, त्यामुळे आलेख जिन्यासारखा खालीवर होत चढतो. सीईटीला हा एक प्रश्न विचारायची त्यांना आवड आहे.

समघटक किती होतात?

ब्युटेनचे २, पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९, ऑक्टेनचे १८, डेकेनचे ७५. वीस कार्बनला रचना समघटक ३,६६,३१९. पाठ करू नका, हेक्झेनपर्यंत काढता आले पाहिजेत. काढताना बहुतेकांचं एकच होतं, तीच साखळी वाकवून काढतात आणि नवीन समघटक मिळाला समजतात. प्रत्येकाचं नाव लिहून बघायचं, नाव तेच आलं तर रेणू तोच.

नाव देताना सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात?

सगळ्यात लांब साखळी न शोधता आडवी दिसते ती साखळी धरल्यामुळे. "२-इथिलब्युटेन" असं लिहून येतं, तसं नाव असूच शकत नाही, कारण ती इथिल फांदी (इथिल म्हणजे दोन कार्बनची, मिथिल म्हणजे एका कार्बनची) साखळीत घेतली की पाच कार्बन होतात आणि तो ३-मिथिलपेंटेन निघतो. दुसऱ्या कार्बनवर इथिल दिसलं की थांबा, तुमची साखळी चुकलीय. मग आकडे त्या टोकापासून द्यायचे जिथून फांदी आधी येते, आणि फांद्यांची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. बस एवढंच आहे. नावं द्यायच्या या पद्धतीची सुरुवात १८९२ साली जिनिव्हाच्या परिषदेत झाली, त्याआधी एकाच पदार्थाला चार देशांत चार नावं असायची.

पेट्रोल पंपावर ९५ लिहिलेलं असतं ते काय?

ऑक्टेन नंबर. इथेही फांद्यांचंच राज्य आहे. इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, आणि ठिणगी पडायच्या आधी किंवा भलतीकडे ते आपोआप पेटलं की इंजिन ठोकायला लागतं. सरळ साखळीचा हेप्टेन फार लवकर असा पेटतो, त्याला ० दिला. फांद्या असलेला २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन, ज्याला आयसोऑक्टेन म्हणतात, तो दाब सहन करतो, त्याला १००. तर ९५ म्हणजे ते पेट्रोल ठोकण्याच्या बाबतीत ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. त्यात खरंच ९५ टक्के ऑक्टेन आहे असं नाही, आणि नंबर जास्त म्हणजे ऊर्जा जास्त असंही नाही. साध्या बाइकला महाग पेट्रोल टाकून पिकअप वाढत नाही.

डिझेलचं बरोबर उलटं. तिथे लवकर पेटलेलं हवं असतं, म्हणून सरळ साखळीचा हेक्झाडेकेन म्हणजे सीटेन याला १०० धरलंय.

मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत, तिथून टँकर निघताना तुम्ही पाहिले असतील. त्या टँकरमधलं पेट्रोल, डिझेल हे सगळं एकाच कच्च्या तेलातून उत्कलनांकाप्रमाणे वेगळं केलेलं. पेट्रोलमधे साधारण ५ ते १२ कार्बन, रॉकेलमधे १० ते १६, डिझेलमधे त्याहून पुढे, आणि तळाला डांबर. वेगळं करायची पद्धत म्हणजे प्रभाजी ऊर्ध्वपातन, आणि ती चालते ती साखळीच्या लांबीवर.

मेणबत्ती पण अल्केनच का?

हो, साधारण २० ते ४० कार्बनच्या साखळ्या. पाच ते सतरा कार्बनपर्यंत द्रव आणि अठरापासून पुढे घट्ट असं ढोबळ धरा. पण हेक्झाडेकेन १८ अंशाला गोठतो, म्हणजे जानेवारीतल्या पहाटे तो आपल्याकडेही घट्ट होईल. डिझेलमधल्या लांब साखळ्या थंडीत अशाच मेणासारख्या जमतात आणि फिल्टर चोक होतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मधे वेगळं हिवाळी डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं. व्हॅसलीन आणि औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन हेही याच घरातले.

कोबीच्या पानावर औषध थांबत नाही, थेंब घरंगळतात, त्याचा अल्केनशी काही संबंध?

थेट संबंध आहे, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे. कोबीच्या पानावर पांढुरकी झाक असते ती मेणाची, आणि त्या मेणात नोनाकोसेन हा २९ कार्बनचा सरळ अल्केन भरपूर असतो. झाडं शक्यतो विषम संख्येचे अल्केन बनवतात, २७, २९, ३१, कारण सम संख्येच्या मेदाम्लापासून सुरुवात होते आणि शेवटी एक कार्बन गळतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ जबरदस्त, अल्केनची फार थोडी, म्हणून पाणी पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. पानाला हे हवंच असतं, आतलं पाणी उडू नये आणि वरून बुरशीला ओल मिळू नये.

तुम्ही टाकीत स्टिकर टाकता तो यासाठीच. त्याच्या रेणूचं एक टोक मेणाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि थेंब सपाट होतो. जास्त टाकला तर औषध पानावर न राहता ओघळून मातीत जातं, म्हणून डब्यावरचं प्रमाण पाळा. द्राक्षाच्या मण्यावरची लव हाताने पुसली गेली की माल शिळा दिसतो, ते पण मेणच, फक्त त्यात अल्केनचा वाटा कमी आणि ओलिएनोलिक आम्लाचा मोठा.

शेततळ्याचा कागद कुजत का नाही?

तो पॉलिथिनचा असतो, आणि पॉलिथिन म्हणजे रचनेने हजारो कार्बनचा अल्केनच, बनतो मात्र इथिनपासून. सगळे बंध एकेरी, त्यामुळे मातीतले जंतू, खतं, आम्ल कशालाही तो दाद देत नाही. तळ्यात पाणी राहतं ते या गुणामुळे, आणि फाटलेला कागद बांधावर वर्षानुवर्षं पडून राहतो तोही या गुणामुळेच. उन्हाने मात्र हळूहळू तुटतो, अतिनील किरण साखळ्या तोडतात, म्हणून कागदात काळी काजळी मिसळलेली असते. जुना मल्चिंग पेपर जाळू नका, गोळा करून भंगारात द्या.

अल्केन तयार कसे करतात आणि क्लोरीनशी काय होतं?

परीक्षेपुरतं: अल्कीनला निकेलवर हायड्रोजन जोडणं, सोडियमचं कार्बोक्झिलेट सोडा लाइमबरोबर तापवणं (यात एक कार्बन कमी होतो), आणि १८५५ ची वुर्ट्झ अभिक्रिया, म्हणजे अल्किल हॅलाइड (अल्केनच्या एका हायड्रोजनजागी क्लोरीन, ब्रोमीन वगैरे असलेलं), सोडियम आणि कोरडा इथर (यात साखळी दुप्पट होते). वुर्ट्झने विषम संख्येच्या कार्बनचा अल्केन बनवायला गेलात तर तीन पदार्थांची खिचडी मिळते, हे कारण विचारतात.

क्लोरीनशी अंधारात काही नाही, उजेडात किंवा तापवल्यावर हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसत जातो आणि मिथेनपासून एक ते चार क्लोरीन असलेले, म्हणजे सीसीएल४ पर्यंतचे, चारही पदार्थ मिळतात. एकच क्लोरीन हवा असेल तर मिथेन भरपूर घ्यायचा.

गोबर गॅस मिथेनच, मग त्याने हवामान बिघडतं असं का म्हणतात?

गोबर गॅसमधे साधारण निम्म्याहून जास्त मिथेन असतो, उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. शेण, सांडपाणी, कचरा हवेशिवाय कुजला की जंतू मिथेन बनवतात. दलदलीतून निघणारा हा वायू व्होल्टाने १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे तलावावर गोळा केला होता. तो न जळता हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो. जाळला तर भाकरी होते आणि मागे कार्बन डायऑक्साइडच राहतो. म्हणून उघड्या उकिरड्यापेक्षा टाकी केव्हाही बरी, फक्त टाकीची आणि पाइपची गळती बघत राहायची.

सायक्लोहेक्झेन अल्केन आहे का?

बंध सगळे एकेरी, पण टोकं जुळून कडं झालं की दोन हायड्रोजन कमी होतात, सी६एच१२. म्हणून त्याला सायक्लोअल्केन हा वेगळा गट. स्वभाव अल्केनसारखाच, फक्त तीन कार्बनचं कडं फार ताणलेलं असतं आणि पटकन उघडतं.

पेट्रोलची आग पाण्याने का विझवायची नाही?

द्रव अल्केन पाण्यापेक्षा हलके आणि पाण्यात न मिसळणारे. पाणी मारलं की पाणी खाली जातं आणि पेटतं पेट्रोल वर तरंगत आणखी लांब पसरतं. वाळू टाका, नाहीतर फोमचं किंवा पावडरचं अग्निशामक वापरा, म्हणूनच पंपावर लाल बादल्यांत वाळू भरून ठेवलेली असते.